पावसाळ्यात रिपीटर बहिरा होतो तेव्हा: डुप्लेक्सरला हात लावण्याआधी

मृगाचा पाऊस स्थिरावला की रिपीटरबद्दल, म्हणजे उंचावर बसून एका फ्रिक्वेन्सीवर ऐकलेले त्याच वेळी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर पुन्हा पाठवणाऱ्या रेडिओबद्दल, ही तक्रार येतेच. गोव्यातल्या सांगे, केपे, सत्तरीकडचे हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, सांगतात, ‘रिपीटर उघडतो, पण बोलणे तुटक जाते, मधले शब्द गायब होतात.’ त्याच वेळी पणजी, पर्वरी, म्हापशातले म्हणतात, रिपीटर झकास चालला आहे. दोघांचेही खरे असते. मग कोणीतरी पाना आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन सड्यावर (डोंगरमाथ्याच्या पठारावर) जातो, डुप्लेक्सर (एकाच अँटेनावर बोलणे आणि ऐकणे वेगळे ठेवणारा फिल्टर) थोडा इकडेतिकडे फिरवतो, दोन दिवस बरे वाटते आणि पुढच्या जोराच्या सरीत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. ऑक्टोबरात ऊन पडले की दुखणे आपोआप थांबते आणि श्रेय डुप्लेक्सर फिरवणाऱ्याला मिळते. पुढच्या जूनमध्ये त्यालाच पुन्हा बोलावले जाते.

माझे म्हणणे एवढेच आहे की, या दुखण्यात डुप्लेक्सर हा सर्वांत शेवटचा संशयित असला पाहिजे. आधी ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांच्यामधले डीबी (सिग्नलच्या ताकदीतला फरक मोजण्याचे माप) नेमके कुठे गळताहेत ते मोजून काढा. ते मोजण्याची पद्धत अवघड नाही, आणि तिला महागडी प्रयोगशाळाही लागत नाही.

खालचे सगळे २ मीटर बँडवरच्या, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमधल्या, ६०० किलोहर्ट्झ शिफ्टच्या (शिफ्ट म्हणजे ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीतले अंतर) एफएम रिपीटरला धरून आहे. यूएचएफचे, म्हणजे ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झच्या बँडचे, गणित वेगळे पडते, त्याबद्दल शेवटाकडे.

हा तोच आजार आहे का?

रिपीटर एकाच वेळी ऐकतो आणि बोलतो. आपलाच ट्रान्समीटर चालू झाला की रिसीव्हरची ऐकण्याची ताकद कमी होते, याला आपण डीसेन्स म्हणतो. कानाशी घुमट (मातीचे तालवाद्य) वाजत असताना अंगणापलीकडची कुजबुज ऐकायची, असे हे काम आहे. त्यामुळे दूरच्या, कमजोर सिग्नलवर पहिला घाव बसतो. पर्वरीच्या माणसाचा सिग्नल इतका दणकट असतो की त्यातले १० डीबी गेले तरी त्याला पत्ता लागत नाही. नेत्रावळीच्या खोऱ्यातून ५ वॅटच्या हँडीवर बोलणाऱ्याचे १० डीबी गेले म्हणजे त्याच्या हातात अर्ध्या वॅटचा सेट आला असे समजा. ६ डीबी गेले तर सव्वा वॅटचा. म्हणून किनाऱ्याकडच्यांच्या ‘इथे तर छान येते’ या रिपोर्टवरून काहीही ठरवू नका.

साइटवर जा आणि कंट्रोलरकडून ट्रान्समीटरला जाणारी पीटीटीची, म्हणजे ट्रान्समीटर चालू करणाऱ्या कळीची, वायर सोडवा. रिसीव्हरच्या स्पीकरवर थेट ऐका. दूरच्या एखाद्या मित्राला सांगा, ‘बाब, पॉवर कमी कर आणि न थांबता बोलत राहा, आकडे मोजलेस तरी चालेल.’ सिग्नल थोड्या सरसरीसह पण स्थिर येऊ द्या. आता हाताने पीटीटी दाबा. सरसर वाढली, आवाज तिच्याखाली बुडाला, पीटीटी सोडताच पुन्हा वर आला, तर डीसेन्स नक्की. कधीकधी याहून वाईट अवस्था असते. सिग्नल येतो, ट्रान्समीटर उठतो, रिसीव्हर बहिरा होतो, स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज तोडणारे दार) बंद होतो, टेल (बोलणे थांबल्यावरही ट्रान्समीटर चालू राहतो तो वेळ) संपून ट्रान्समीटर बसतो, रिसीव्हरला पुन्हा ऐकू येते, ट्रान्समीटर पुन्हा उठतो. हे धडधडणे एकदा ऐकले की नंतर लगेच ओळखू येते.

पीटीटी सुटी असतानाच सरसर जास्त असेल तर मात्र दुखणे दुसरे आहे. एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय), सोलरचा चार्ज कंट्रोलर, खोलीतला एलईडी दिवा, बाहेरचा रस्त्यावरचा दिवा, तुटलेला अँटेना यांच्यामागे लागा. एकेक गोष्ट बंद करून बघा, उत्तर तासाभरात मिळते.

किती डीबी लागतात आणि का

इथे आकडेमोड टाळता येत नाही. ती एकदा समजली की पुढचे सगळे सोपे होते.

ट्रान्समीटर २५ वॅटचा धरा, म्हणजे +४४ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेतले डीबी). रिसीव्हरची संवेदनक्षमता ०.२५ मायक्रोव्होल्ट, म्हणजे ५० ओहमवर −११९ डीबीएम. या दोन आकड्यांत १६३ डीबींची दरी आहे. सगळी दरी आपल्याला भरायची नसते. भरायची असते ती दोन वेगवेगळ्या कारणांसाठी, आणि ही दोन कारणे एकत्र केली की गोंधळ सुरू होतो.

पहिले कारण, कॅरियरचा दणका. ट्रान्समीटरचा कॅरियर, म्हणजे त्याचा मुख्य सिग्नल, अवघ्या ६०० किलोहर्ट्झ अंतरावर आहे. रिसीव्हरचा आयएफ फिल्टर (आत फक्त हवी ती फ्रिक्वेन्सी निवडणारा) त्याला अडवतो खरा, पण त्याच्या आधीचा आरएफ (रेडिओ सिग्नलचा) अँप्लिफायर आणि मिक्सर हे सगळे झेलत असतात. रिसीव्हर −४० डीबीएमपर्यंतचा कॅरियर सहन करतो असे धरले, तर ४४ अधिक ४०, म्हणजे ८४ डीबींचे आयसोलेशन (दोघांमधला अडसर) हवे.

दुसरे कारण, ट्रान्समीटरचा गोंगाट. कोणताही ट्रान्समीटर फक्त आपल्या फ्रिक्वेन्सीवर बोलत नाही. कॅरियरच्या दोन्ही बाजूंना त्याचा हलका गोंगाट दूरवर पसरलेला असतो. ६०० किलोहर्ट्झ अंतरावर, रिसीव्हरच्या बँडविड्थएवढ्या पट्ट्यात, तो कॅरियरपेक्षा ८५ डीबींनी खाली धरा, म्हणजे −४१ डीबीएम. हा गोंगाट थेट आपल्या इनपुट फ्रिक्वेन्सीवरच पडतो, त्यामुळे जगातला कोणताही भारी रिसीव्हर त्याला गाळू शकत नाही. चांगल्या एफएम रिसीव्हरची स्वतःची नॉइज फ्लोअर (स्वतःच्या गोंगाटाची पातळी) −१२६ डीबीएमच्या आसपास असते. ८५ डीबींचे आयसोलेशन दिले तर गोंगाट नेमका तिच्या बरोबरीला येतो आणि ३ डीबी डीसेन्स राहतो. ९५ डीबी दिले तर तो जवळपास अर्ध्या डीबीपर्यंत खाली येतो.

म्हणून २ मीटरवर ८५ ते ९५ डीबी हा लक्ष्याचा पट्टा. नीट लक्षात ठेवायची गोष्ट अशी: पहिल्या कारणाचा इलाज रिसीव्हरच्या लाइनमध्ये होतो (तिथे ट्रान्समिट फ्रिक्वेन्सीचा नॉच, म्हणजे तेवढीच फ्रिक्वेन्सी अडवणारी खाच, लागतो), तर दुसऱ्याचा इलाज फक्त ट्रान्समीटरच्या लाइनमध्ये होतो (तिथे रिसीव्ह फ्रिक्वेन्सीचा नॉच लागतो). रिसीव्हरच्या बाजूला कितीही कॅव्हिटी (डुप्लेक्सर ज्यांचा बनतो ते धातूचे पोकळ फिल्टर डबे) जोडल्या तरी ट्रान्समीटरचा गोंगाट कमी होणार नाही. हे न समजल्यामुळे किती पैसा वाया जातो ते मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि वाईट वाटते.

दोन अँटेना लावून हे डीबी मिळतात का

नवे रिपीटर उभारणारे पहिला प्रश्न हाच विचारतात, कारण डुप्लेक्सर महाग असतो आणि अँटेना घरी करता येतो.

दोन उभे डायपोल एकाच सरळ रेषेत, एकाखाली एक, लावले की त्यांच्यामधले आयसोलेशन डीबीत साधारण २८ अधिक ४० गुणिले लॉग(अंतर भागिले तरंगलांबी) असे येते. १४५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी २.०७ मीटर. हिशोब केला की १० मीटर अंतराला ५५ डीबी, २० मीटरला ६७, ३० मीटरला ७४-७५. शेजारी शेजारी, समान उंचीवर लावले तर सूत्र बदलते: २२ अधिक २० गुणिले लॉग(अंतर भागिले तरंगलांबी), वजा दोन्ही अँटेनांचे गेन. साधे डायपोल धरून १०० मीटरला जेमतेम ५१ डीबी मिळतात. टॉवरवर उभे २० मीटर सोडून जे मिळते, तेवढ्यासाठी जमिनीवर आडवे ६०० मीटर जावे लागते. आणि आडव्या अंतरावरच ९० डीबी मिळवायचे म्हटले तर मोकळ्या हवेत आठ किलोमीटरहून अधिक.

हे सूत्राचे आकडे आहेत, टॉवरवर त्याहून कमीच पदरात पडते. दोन अँटेना एकाच उभ्या अक्षावर हवेत. एक टॉवरच्या डाव्या हाताला आणि दुसरा उजव्या हाताला गेला की बरेच डीबी गेले. दोन्ही फीडर केबली एकमेकींना चिकटवून खाली आणल्या तर केबलमधूनच गळती होते. टॉवरचे लोखंड दोन्ही अँटेनांशी आपले वेगळेच नाते जुळवते. म्हणून ३० मीटरचा टॉवर असला तरी २ मीटरवर नुसत्या अंतराने रिपीटर चालत नाही. मात्र २० मीटर उभे अंतर आणि दोन्ही लाइनींत एक-दोन चांगल्या कॅव्हिटी, ही जोडी अगदी व्यवहार्य आहे. रिसीव्हचा अँटेना वर ठेवा, ट्रान्समिटचा खाली. उंचीची गरज ऐकण्याला जास्त असते.

गोव्यात डोंगर आपल्या मदतीला येतात, त्याचा विचार कमी होतो. रिसीव्हर सड्याच्या एका बाजूला आणि ट्रान्समीटर दुसऱ्या बाजूच्या टेकडीवर, मधे मातीचा आडोसा, आणि दोघांना जोडणारा यूएचएफ लिंक. मधे डोंगर आला की मोकळ्या हवेचे ते आठ किलोमीटर खूप कमी होतात. दोन जागांची वीज, दोन खोल्यांची देखभाल, दोन कुलपांच्या किल्ल्या ही त्याची किंमत. देखभालीला माणसे असतील तरच या वाटेने जा.

फ्रिक्वेन्सीचे अंतर वाढवले तर?

६०० किलोहर्ट्झ म्हणजे १४५ मेगाहर्ट्झच्या अर्धा टक्काही नाही, ०.४१ टक्के. एवढ्या जवळच्या दोन फ्रिक्वेन्सी वेगळ्या करायच्या तर फिल्टरचा क्यू (निवडीची धार) फार वरचा लागतो, आणि क्यू येतो आकारातून. २ मीटरची पाव तरंगलांबीची कॅव्हिटी म्हणूनच अर्ध्या मीटरहून उंच असते. बाजारात मिळणारे वहीएवढ्या डबीतले नॉच डुप्लेक्सर कित्येक मेगाहर्ट्झच्या अंतरासाठी केलेले असतात. आपला सगळा बँडच २ मेगाहर्ट्झचा. ते ६०० किलोहर्ट्झवर ट्यून करून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. तिथे नॉच आणि पास एकमेकांवर चढतात, आणि जे आयसोलेशन मिळते त्याच्या बदल्यात ट्रान्समीटरची बरीचशी पॉवर डबीतच जळते.

शिफ्ट १ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून मोठी घेतली तर काम सोपे होते हे खरे. पण बँडचा खालचा भाग सीडब्ल्यू (मोर्स) आणि एसएसबी (अरुंद पट्ट्यातले बोलणे) यांचा आणि वरचा, १४५.८ पासूनचा, उपग्रहांचा. अंतराळ स्थानकाचा डाउनलिंक १४५.८०० वरच आहे. मधे उरलेल्या जागेत मोठी शिफ्ट बसवताना कोणाच्या तरी पायावर पाय पडतो. शिवाय लोकांच्या सेटमध्ये ६०० ही शिफ्ट तयार बसवलेली असते. आणि रिपीटरचा परवाना फ्रिक्वेन्सीच्या जोडीसकट येतो, मनात आले म्हणून ती हलवता येत नाही. त्यामुळे चालू रिपीटरच्या दुखण्यावर हा इलाज नाही. नवा रिपीटर कागदावर असतानाच याचा विचार करा.

मोजणी: डमी लोड तुमचा खरा मित्र

लागणाऱ्या वस्तू: पूर्ण पॉवर झेलणारा चांगला डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा ५० ओहमचा रोधक), एक सिग्नल जनरेटर, आणि लाइनमध्ये घालायचा एक कपलर (जनरेटरचा थोडासा सिग्नल लाइनमध्ये सोडणारा जोड). कपलर नसेल तर एन-टाइपचा टी घेऊन त्याच्या बाजूच्या तोंडाची आतली पिन आखूड केली, म्हणजे मधल्या लाइनला ती टेकणार नाही, की ढिली जोडणी तयार होते. ही जोडणी ४० डीबींची असेल तर २५ वॅटपैकी जनरेटरपर्यंत +४ डीबीएम पोचतात. याहून घट्ट जोडणी ठेवू नका, जनरेटर जळेल. वाटल्यास मधे अटेन्युएटर घाला.

टी डुप्लेक्सरच्या अँटेना तोंडावर लावा आणि पुढे डमी लोड. ट्रान्समीटर बंद ठेवून जनरेटरची पातळी अशी लावा की रिसीव्हरला १२ डीबी सिनॅड (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्पष्ट आहे त्याचे माप) मिळेल. मीटर नसेल तर कानाला ‘जेमतेम समजते’ अशी खूण धरा, पण दोन्ही वेळा तीच खूण धरा. आता ट्रान्समीटर चालू करा आणि पुन्हा तीच खूण येईपर्यंत जनरेटर वाढवा. जितके डीबी वाढवावे लागले तितका डीसेन्स. आकडा वहीत लिहा. मग डमी लोड काढून अँटेना लावा आणि पुन्हा मोजा. जनरेटरचा आकडा अँटेनावरच्या बाहेरच्या गोंगाटामुळे थोडा बदलेल, हरकत नाही. आपल्याला ट्रान्समीटर बंद आणि चालू यांतला फरक हवा आहे.

डमी लोडवर एखादा डीबी आणि अँटेनावर आठ-दहा, असे आले तर डुप्लेक्सर निर्दोष आहे. त्याच्या स्क्रूला हात लावू नका. दोष केबल, कनेक्टर, अँटेना, टॉवर यांत आहे.

डमी लोडवरही डीसेन्स तेवढाच असेल तर दोष खोलीच्या आत आहे. तेव्हा ट्रान्समीटर डुप्लेक्सरमधून सोडवून थेट डमी लोडवर चालवा, रिसीव्हर डुप्लेक्सरवरच राहू द्या, आणि डुप्लेक्सरचे ट्रान्समिटचे मोकळे तोंड ५० ओहमने बंद करा. तरीही रिसीव्हर बहिरा होत असेल तर आरएफ हवेतून, म्हणजे केबलच्या जाळीतून नाहीतर कॅबिनेटच्या फटीतून, जाते आहे. एकपदरी जाळीची आरजी-५८ किंवा आरजी-२१३ जोडणीला वापरली असेल तर ती आधी बदला. इथे दुपदरी जाळीची, चांदीचा मुलामा असलेली आरजी-२१४, आरजी-१४२ किंवा आरजी-४०० हवी, आणि कनेक्टर एन-टाइपचे. पीएल-२५९ कनेक्टर या जागी चालत नाही. डुप्लेक्सरच्या कॅव्हिटींमधल्या जोडतारांची लांबी मात्र होती तेवढीच ठेवा, ती मापून केलेली असते.

गळती नसेल तर उरलेला प्रश्न: कॅरियरचा दणका की ट्रान्समीटरचा गोंगाट? एखादी जादा कॅव्हिटी मागून आणा. ती रिसीव्हच्या लाइनमध्ये घातल्यावर डीसेन्स उतरला तर दणका. तसूभरही फरक पडला नाही तर गोंगाट, आणि तिची जागा ट्रान्समिटच्या लाइनमध्ये. रिसीव्हरपुढे प्रीअँप (आलेला सिग्नल आधीच वाढवणारा अँप्लिफायर) लावला असेल तर ही परीक्षा त्याला काढून करा. २० डीबींचा प्रीअँप म्हणजे कॅरियरही २० डीबींनी मोठा होऊन रिसीव्हरवर आदळतो. बऱ्याच ठिकाणी तो काढल्यावर रिपीटर जास्त लांबचे ऐकू लागतो.

एवढे होऊन डुप्लेक्सरच दोषी ठरला, तर तो काढून घरी टेबलावर ट्यून करा, अँटेनावर नव्हे, ५० ओहमच्या लोडवर. पावसाने भिजलेल्या अँटेनाला धरून ट्यून केलेला डुप्लेक्सर ऊन पडल्यावर चुकतोच. नॅनोव्हीएनएने (फिल्टर आणि अँटेना मोजण्याच्या छोट्या उपकरणाने) नॉच जागेवर आणता येतो, पण त्याची पट्टी ७० डीबींच्या आसपास संपते. ९० डीबींचा नॉच त्याच्या पडद्यावर दिसत नाही, दिसतो तो त्याचा स्वतःचा तळ. म्हणून एकेक कॅव्हिटी सुटी करून जुळवा आणि शेवटचा निकाल वरच्या डीसेन्स परीक्षेवर लावा.

गोव्यात दोष बहुधा बाहेरच सापडतो

फोंड्याजवळच्या एका सड्यावरचा रिपीटर याच दुखण्याने दर पावसाळ्यात आजारी पडायचा. एकच अँटेना, सहा कॅव्हिटींचा डुप्लेक्सर. डमी लोडवर डीसेन्स १ डीबी. अँटेनावर वारा पडलेला असताना ३, आणि वाऱ्याचा झोत आला की ९ च्या पुढे, शिवाय प्रत्येक झोताबरोबर रिसीव्हरमध्ये कर्र्-कर्र् असा करकरीत आवाज. ट्रान्समीटर बंद केला की करकर गायब. ही खूण फार महत्त्वाची. करकर ट्रान्समिटबरोबरच येते आणि वाऱ्याने बदलते, म्हणजे आपलीच आरएफ कुठल्यातरी हलणाऱ्या, गंजलेल्या सांध्यातून जाऊन गोंगाट होऊन परत येते आहे.

गंजलेला सांधा डायोडसारखा वागतो. दोन धातूंमध्ये ऑक्साइडचा पापुद्रा आला आणि त्यावर २५ वॅटचे क्षेत्र पडले की तिथे नवे सिग्नल आणि ठिणगीचा गोंगाट जन्मतो. हा गोंगाट थेट इनपुटवर पडतो आणि डुप्लेक्सरच्या पलीकडे, अँटेनाच्या बाजूला, निर्माण होतो. म्हणूनच डुप्लेक्सर कितीही फिरवा, तो त्याला अडवू शकत नाही. त्याच्या दृष्टीने तो सांग्याहून आलेल्या सिग्नलसारखाच.

खाली एकजण रिसीव्हरला कान लावून बसला, वर चढणारा काठीने एकेक वस्तू हलवत गेला. अँटेनाचा पाइप हलवला, करकर. ताणाची तार हलवली, काही नाही. पुन्हा पाइप, पुन्हा करकर. खाली उतरवलेला यू-बोल्ट माझ्या हातात आला तेव्हा त्याचे आटे उरलेच नव्हते. तांबड्या पापुद्र्यांनी नट आणि बोल्ट एकजीव झाले होते. आणि तो साध्या लोखंडाचा बोल्ट अँटेनाच्या अॅल्युमिनियमच्या पाइपवर जिथे बसला होता तिथे पांढरी भुकटी जमून पाइपाला खड्डा पडला होता. वरून अगदी घट्ट दिसणारी क्लॅम्प आतून नुसत्या गंजावर टेकली होती. त्याच खांबाला एक जुनी टीव्हीच्या अँटेनाची पट्टी लोंबत होती, कोणाच्याच कामाची नसलेली. ती काढल्यावर आणखी थोडा डीसेन्स उतरला.

समुद्राची खारी हवा आणि चार महिने न सुकणारी ओल यांत लोखंड-अॅल्युमिनियमची जोडी टिकत नाही. ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्टील वापरा, ३०४ किनाऱ्याजवळ डागाळते. दोन धातू एकमेकांना टेकणार असतील तर एकतर त्यांना कायमचे घट्ट बांधून वर ग्रीस भरा, नाहीतर मधे रबर घालून पूर्ण वेगळे करा. अधूनमधून टेकणारा सांधा सर्वांत वाईट. अँटेनाजवळ पत्र्याचे छप्पर असेल तर पत्र्यांचे एकमेकांवर चढलेले काठ आणि त्यांचे गंजलेले हुक हेही तपासा. वापरात नसलेली प्रत्येक तार, पट्टी, पाइप खाली उतरवा.

केबलीचेही तेच. अॅल्युमिनियमची फॉइल आणि त्यावर कलई केलेल्या तांब्याची जाळी अशी रचना असलेली एलएमआर-४०० साध्या कामाला उत्तम, पण रिपीटरला एकाच केबलमधून बोलायचे आणि ऐकायचे असते. फॉइल-जाळीच्या मधे ओल गेली, केबल वाऱ्यावर हलली की तीच करकर. इथे अर्ध्या इंचाची कॉरुगेटेड हार्डलाइन (जाळीऐवजी नालीदार, अखंड धातूचे वेष्टण असलेली केबल) घ्या. कनेक्टरवर आधी स्वतःलाच चिकटणारी रबराची टेप, तीवर पीव्हीसी टेप, आणि केबल खोलीत शिरण्याआधी तिला खाली झोल द्या म्हणजे पाणी तिथून निथळेल. कनेक्टर उघडल्यावर पिन हिरवी दिसली तर नुसती पुसून परत लावू नका. पाणी जाळीतून केशाकर्षणाने किती वर चढले आहे ते केबल कापत कापत, तांबे चकचकीत दिसेपर्यंत, बघा.

मे महिन्यातल्या विजांनंतर लाइटनिंग अरेस्टरही संशयित यादीत घ्या. आतला गॅस ट्यूब अर्धवट बिघडला की ट्रान्समिट पॉवरखाली तो गोंगाट करू लागतो. तपासणीपुरता, आकाश निरभ्र असताना, तो वगळून मोजा.

करकर नाही, वाऱ्याशी संबंध नाही, पण ठराविक वेळीच त्रास होतो, असे असेल तर शेजारच्या टॉवरवरच्या दुसऱ्या कोणाच्या ट्रान्समीटरकडे बघा. त्याची आरएफ आपल्या अँटेनातून आपल्या ट्रान्समीटरच्या शेवटच्या स्टेजपर्यंत येऊन तिथे मिश्रण होऊ शकते. ट्रान्समीटरच्या तोंडाशी फेराइट आयसोलेटर (आरएफ एकाच दिशेने जाऊ देणारा) आणि त्यानंतर लो-पास फिल्टर लावल्यावर हे थांबते.

यूएचएफ आणि लिंक

४३६ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ६९ सेंटिमीटर, त्यामुळे १० मीटर उभ्या अंतरातच सूत्राप्रमाणे ७४ डीबी मिळतात. कॅव्हिटीही हाताएवढ्या होतात. पण अमेरिकेत रूढ असलेली ५ मेगाहर्ट्झची शिफ्ट आपल्याकडे बसतच नाही, कारण आपला बँड ४३४ ते ४३८, अवघा ४ मेगाहर्ट्झचा. ५ मेगाहर्ट्झसाठी ट्यून होऊन आलेला स्वस्त डुप्लेक्सर घेतला असेल तर तो कमी शिफ्टवर किती आयसोलेशन देतो ते मोजल्याशिवाय टॉवरवर चढवू नका.

२ मीटरच्या रिपीटरला यूएचएफ लिंक जोडताना एक सापळा हमखास लागतो: १४४ ते १४६ ची तिसरी हार्मोनिक (तिप्पट फ्रिक्वेन्सीवर निघणारा अनावश्यक सिग्नल) ४३२ ते ४३८ मध्ये पडते. उदाहरणापुरते, आउटपुट १४५.३५० असेल तर तिची तिसरी हार्मोनिक ४३६.०५० वर. लिंकचा रिसीव्हर त्याच्या आसपास ठेवला तर २ मीटर ट्रान्समीटर उठला की लिंक बहिरी. लिंकची फ्रिक्वेन्सी निवडतानाच हा गुणाकार करा, आणि २ मीटर ट्रान्समीटरवर लो-पास फिल्टर असू द्या.

तरीही ३ डीबी उरले तर

सगळे करूनही थोडा डीसेन्स उरतो, विशेषतः जुन्या कॅव्हिटींवर. तेव्हा ट्रान्समीटर २५ वॅटवरून १० वॅटवर आणा. कॅरियर आणि त्याचा गोंगाट दोन्ही ४ डीबींनी उतरतात. सड्यावरच्या उंच अँटेनावरून १० वॅट गोव्यात बहुतेक ठिकाणी पुरेसे ऐकू जातात. अडते ते उलट बाजूला, हँडीकडून रिपीटरकडे. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले आणि गावेच्या गावे विजेविना राहिली, तशा दिवशी समोरच्याकडे बॅटरीवर चालणारी ५ वॅटची हँडीच असते, बहुतेक वेळा घरात, रबरी अँटेनावर. पॉवर उतरवताना बेस स्टेशनवाले कुरकुरतील, मीटरचा काटा कमी दिसतो म्हणून. त्यांना पीटीटी चालू असतानाचा डीसेन्सचा आधीचा आणि नंतरचा आकडा दाखवा.

हे आकडे एका कार्डावर लिहून कॅबिनेटच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा: डमी लोडवर किती, अँटेनावर किती, पॉवर किती, तारीख कोणती. मोजणी एप्रिलमध्ये, कोरड्या हवेत करा, आणि पहिल्या जोराच्या पावसानंतर पुन्हा. जूनमध्ये तक्रार आली आणि डमी लोडचा आकडा कार्डाशी जुळला, की स्क्रू ड्रायव्हर पिशवीतच ठेवून पाना आणि ग्रीस घेऊन वर चढा.